टायसनने हरवलं तरी कुणाला?

अमेरिकी बॉक्सर माइक टायसनचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एकाचं म्हणणं, असा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटातला बॉक्सर, पुन्हा होणे नाही. दुसरा विचारतो, ‘ते ठीक, पण त्याने हरवलं कुणाला?’ पहिला लॅरी होम्स आणि मायकेल स्पिंक्स या दोन जगज्जेत्यांची नावं पुढे करतो. दुसरा सांगतो की होम्स म्हातारा झाला होता आणि स्पिंक्स तर मुळात हेवीवेटच नव्हता. मग चित्रफिती निघतात, आवाज चढतात आणि मत कुणाचंच बदलत नाही.

दुसऱ्याचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर दोघंही नावांमध्ये शोधतात आणि तिथेच गाडं अडतं. बॉक्सरच्या कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्याच्या नावापेक्षा लढतीची तारीख जास्त बोलते. ‘त्याने होम्सला हरवलं’ एवढं सांगून काहीच कळत नाही. कोणत्या सालच्या होम्सला, किती महिने घरी बसलेल्या होम्सला, हे कळलं की मग बोलता येतं. टायसन हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्याच्या यादीत सगळ्या प्रकारच्या तारखा सापडतात.

हा वाद बॉक्सिंगमध्येच का होतो

टेनिसपटूने कुणाशी खेळायचं हे ड्रॉ ठरवतो. लीगमधल्या फुटबॉल संघाला बाकीच्या प्रत्येक संघाशी खेळावंच लागतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असं वेळापत्रक नसतं. लढत ठरते ती बॉक्सर, मॅनेजर, लढती भरवणारा प्रवर्तक आणि टीव्ही वाहिनी यांच्या वाटाघाटींतून. जगज्जेत्याला ठरावीक मुदतीत संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराशी लढावं लागतं खरं, पण त्यातूनही पळवाटा निघतात, आणि नाहीच निघाली तर पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, सोडून देता येतो. शिवाय पट्टे वाटणाऱ्या संघटना अनेक. टायसन वर आला तेव्हा डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ अशा तीन होत्या. १९८८ मध्ये डब्ल्यूबीओची भर पडली. म्हणजे एकाच वजनगटात एका वेळी तीन-चार जगज्जेते, आणि त्यांना एकमेकांना टाळायची पूर्ण मुभा.

त्यामुळे विजयांचा नुसता आकडा फसवतो. उगवत्या बॉक्सरला सुरुवातीला मुद्दाम सोपी माणसं दिली जातात. पोटापाण्यासाठी लढणारे, हरायची सवय झालेले, पण नवख्याला चार गोष्टी शिकवून जाणारे बॉक्सर प्रत्येक शहरात असतात. टायसनने मार्च १९८५ मध्ये पहिली व्यावसायिक लढत दिली, त्या वर्षात १५ लढती केल्या आणि पुढच्या वर्षी १३. पहिल्या १९ लढती त्याने वेळेआधीच संपवल्या. विसाव्या लढतीत जेम्स टिलिस दहा फेऱ्या टिकला, तेव्हा कुठे पहिल्यांदा पंचांना गुण मोजावे लागले. यात गैर काही नाही, बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पण चाहते जेव्हा ३७ लढतींत ३७ विजय असा, १९९० मध्ये बस्टर डग्लसने त्याला पहिल्यांदा हरवलं त्याच्या आधीचा, आकडा फेकतात, तेव्हा त्यातल्या साधारण पहिल्या पंचविसांना फार मोजायचं नसतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आकड्याचा सगळ्यात प्रसिद्ध बळी, किंवा लाभार्थी म्हणा, रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, एकही पराभव न पत्करता १९५६ मध्ये निवृत्त. यादीत जो लुईस, जर्सी जो वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स, आर्ची मूर. नावं अशी की डोळे दिपावेत. आता तारखा पाहू. ऑक्टोबर १९५१ चा जो लुईस ३७ वर्षांचा होता, निवृत्तीतून परतलेला, पाय जड झालेला. तो विजय म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण पुढच्याच वर्षी मार्सियानोने वॉलकॉटकडून विजेतेपद घेतलं तेव्हा वॉलकॉट ३८ वर्षांचा होता, म्हणजे लुईसपेक्षाही म्हातारा, आणि तरी तो त्या रात्री संपलेला मुळीच नव्हता. पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडलं, बारा फेऱ्यांअखेर तो गुणांवर पुढे होता, आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने सगळं संपलं.

सांगायचा मुद्दा, तारीख बघणं म्हणजे जन्मतारीख बघणं नव्हे. वॉलकॉट उशिरा बहरला, लुईस लवकर झिजला. वयाने दोघं जवळपास सारखे, पण एकावरचा विजय खणखणीत आणि दुसऱ्यावरचा पोकळ.

तीन सालांचा होम्स

लॅरी होम्स हा माणूस या सगळ्या हिशेबाची कसोटी पाहतो. १९७८ मध्ये केन नॉर्टनला पंधरा फेऱ्यांत निसटतं हरवून तो डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला आणि पुढची सात वर्षं हेवीवेटमधला पहिला माणूस राहिला. त्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम जॅबमध्ये मोजला जातो. तरी त्याच्या यादीतलं सगळ्यात मोठं नाव त्याच्या काहीच कामाचं नाही, कारण ते नाव मुहम्मद अलीचं आहे आणि तारीख २ ऑक्टोबर १९८०. अली तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं रिंगणात उतरला नव्हता. दहा फेऱ्या तो नुसता मार खात होता. शेवटी त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. त्या विजयाचं श्रेय होम्सला कुणी दिलं नाही आणि द्यायलाही नको.

आता २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी. होम्स ३८ वर्षांचा. एप्रिल १९८६ नंतर एकही लढत नाही. समोर २१ वर्षांचा टायसन. चौथ्या फेरीत होम्स तीनदा खाली पडला आणि लढत संपली. टायसनविरोधक इथे थांबतात आणि म्हणतात, होम्सने अलीचं केलं तेच टायसनने होम्सचं केलं. हिशेब बरोबर, शून्य गुण.

पण आणखी एक तारीख आहे, आणि ती या सोप्या उत्तराला सुरुंग लावते. ७ फेब्रुवारी १९९२. होम्स ४२ वर्षांचा. समोर रे मर्सर, १९८८ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, तोवर अपराजित. होम्सने त्याला गुणांवर हरवलं. दोरांना पाठ लावून, एकेक ठोसा मोजून मारत, मधूनच खांदे उडवत त्याने त्या तरण्याबांड गड्याला बारा फेऱ्या शिकवणी दिली. चार महिन्यांनी जगज्जेत्या इव्हँडर हॉलीफिल्डसमोरही तो सगळ्या फेऱ्या उभा राहिला. अख्ख्या कारकिर्दीत होम्स ७५ लढती लढला आणि त्यांतल्या फक्त एकीत तो वेळेआधी हरला. ती टायसनची.

मग १९८८ चा होम्स संपलेला होता की नव्हता? माझ्या मते दोन्ही बाजू घाई करतात. १९९२ चा होम्स वर्षभर नियमित लढून आलेला होता. १९८८ चा होम्स थेट घरातून आला होता, हातात मोठी रक्कम आणि तयारीला कमी वेळ. चाळिशीतला बॉक्सर हळूहळू लढत राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो, पण दीड-पावणेदोन वर्षं थांबला की त्याचं अंतराचं भान जातं, आणि होम्सचं सगळं शास्त्र त्या भानावर उभं होतं. दुसरीकडे त्याची हनुवटी आणि त्याचं डोकं शाबूत होतं, हे मर्सरने सिद्ध करून दिलं. म्हणून मी त्या विजयाला अर्ध्या होम्सवरचा पूर्ण विजय म्हणतो. अलीवरच्या विजयाशी त्याची बरोबरी करणं होम्सवरच अन्याय आहे.

स्पिंक्सचं प्रकरण त्या मानाने सरळ. मायकेल स्पिंक्स लाइट हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता होता. या वजनगटाची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. सप्टेंबर १९८५ मध्ये तो वरच्या गटात आला आणि ४८ विजयांनंतर मार्सियानोच्या ४९ ला टेकलेल्या होम्सला त्याने हरवलं. पुढे पट्ट्यांच्या राजकारणात आयबीएफने त्याच्याकडून किताब काढून घेतला, पण ‘विजेत्याला हरवणारा तोच विजेता’ या जुन्या परंपरेने खरा वारस तोच होता. २७ जून १९८८ ला तो टायसनसमोर आला तेव्हा ३१ लढतींत अपराजित होता. टायसनने त्याला ९१ सेकंदांत झोपवलं. स्पिंक्स पुन्हा कधी लढला नाही.

‘तो हेवीवेटच नव्हता’ हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. त्या रात्री त्याचं वजन २१२ पौंड होतं, टायसनचं २१८. उंचीने तर तो टायसनपेक्षा चार इंचांनी जास्त होता. टिकणारा आक्षेप वेगळा आहे. हेवीवेटमध्ये स्पिंक्स एकूण चारच लढती लढून आला होता, त्यातल्या दोन होम्सशी, आणि दुसरी लढत त्याने जिंकली की हरली यावर आजही एकमत नाही. तरीही तारीख दोघांनाही योग्य होती, किताब खरा होता, आणि निकालात शंकेला जागा नव्हती. टायसनचा सर्वोत्तम विजय कोणता असं विचाराल तर माझं उत्तर हेच.

वासरांत लंगडी गाय?

टायसनवरचा सगळ्यात जड आरोप एका-दोघांबद्दल नाही, सगळ्या पिढीबद्दल आहे. ऐंशीच्या दशकातले हेवीवेट म्हणजे वाया गेलेली पिढी, आणि टायसन त्या वासरांतली लंगडी गाय, असा तो आरोप. आरोपाला पुरावा आहे. डब्ल्यूबीएच्या पट्ट्याचा प्रवास पाहा. डिसेंबर १९८२ मध्ये मायकेल डोक्सने तो माइक वीव्हरकडून घेतला. सप्टेंबर १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कोट्झीने डोक्सकडून, डिसेंबर १९८४ मध्ये ग्रेग पेजने कोट्झीकडून, एप्रिल १९८५ मध्ये टोनी टब्जने पेजकडून, जानेवारी १९८६ मध्ये टिम विदरस्पूनने टब्जकडून, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथने विदरस्पूनकडून, तोही एका फेरीत. कोट्झी, पेज, टब्ज यांना तो एकदाही राखता आला नाही. तिकडे डब्ल्यूबीसीचा पट्टाही विदरस्पून, पिंकलन थॉमस, ट्रेव्हर बर्बिक असा हातोहात फिरत होता.

कारणं गुपित नव्हती. यांतले काही कोकेनच्या आहारी गेले होते, काही पोट सुटलेल्या अवस्थेत रिंगणात येत होते, आणि प्रवर्तक डॉन किंगशी पैशांवरून असंतोष तर अनेकांचा होता. विदरस्पूनने पुढे किंगवर खटलाच भरला. गुणवत्ता भरपूर होती, ती वापरायची इच्छा कमी होती.

पण पट्टा असा फिरत राहिला याचा एकच अर्थ निघतो का? जेव्हा कुणीच कुणावर मात करून टिकत नाही, तेव्हा आपण म्हणतो सगळे सामान्य होते. जेव्हा एकच जण सगळ्यांना आडवं करतो, तेव्हा म्हणतो बाकीचे सामान्य होते. म्हणजे कसंही झालं तरी बाकीचे सामान्यच ठरतात! हा चकवा फक्त टायसनच्या वाट्याला आलेला नाही. जो लुईसने १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षं विजेतेपद सांभाळलं आणि २५ वेळा ते राखलं. तो इतक्या झटपट लढत होता आणि जिंकत होता की १९४०-४१ मधल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना वृत्तपत्रांनी ‘दर महिन्याचा एक भुक्कड’ अशा अर्थाचं नाव पाडलं. त्याच मोसमात जून १९४१ मध्ये बिली कॉन नावाचा, वजनाने कितीतरी हलका बॉक्सर बारा फेऱ्यांनंतर लुईसच्या पुढे होता, आणि तेराव्या फेरीत नॉकआउटसाठी झेपावला म्हणून हरला. त्या टोपणनावात कॉन कुठे बसवायचा?

व्लादिमिर क्लिच्कोचंही तसंच. २००६ ते २०१५ तो जगज्जेता होता आणि त्या काळाला लोक सर्रास कमकुवत म्हणतात. त्या काळात व्लादिमिरच्या तोडीचा एक माणूस नक्की होता, त्याचा सख्खा भाऊ व्हिताली. दोघांनी आईला वचन दिलं होतं की एकमेकांशी लढणार नाही. ते वचन पाळलं गेलं हे उत्तमच झालं, पण त्यामुळे दोघांच्याही यादीत त्या काळचं सगळ्यात वजनदार नाव कायमचं गैरहजर राहिलं.

मग काळ कमकुवत होता की नव्हता हे ठरवायचं कसं? मला एकच बरी पद्धत माहीत आहे. त्या माणसांनी त्या विजेत्याला सोडून, दुसऱ्या काळातल्या माणसांशी काय केलं ते बघायचं. ऐंशीच्या दशकातल्या मंडळींपैकी टोनी टकर घ्या. ऑगस्ट १९८७ मध्ये अपराजित टकर टायसनसमोर बारा फेऱ्या टिकून गुणांवर हरला. पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, टायसन हलला होता. सहा वर्षांनी, उतारवयात, तोच टकर नव्वदच्या दशकातला जगज्जेता, ऐन भरातल्या लेनॉक्स लुईससमोर दोनदा पडला आणि तरी बारा फेऱ्या पुऱ्या करून गेला. विदरस्पूनने १९८३ मध्ये होम्सला इतकं जेरीस आणलं की पंचांचं एकमत न होता निकाल विभागून लागला. कार्ल विल्यम्सने १९८५ मध्ये होम्सला पंधरा फेऱ्या पळवलं. फ्रँक ब्रुनो १९८९ मध्ये टायसनकडून पाचव्या फेरीत हरला आणि १९९५ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलला हरवून जगज्जेता झाला. हे भुक्कडांचे निकाल नाहीत. सत्तरच्या दशकाशी तुलना केली तर ही पिढी थिटी पडते, पण अली, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन एकाच वेळी असण्याशी तुलना केली तर इतिहासातली जवळपास प्रत्येक पिढी थिटीच पडते.

आणि टायसनच्या बाजूची एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. १९८६-८७ मध्ये एचबीओ वाहिनी आणि डॉन किंग यांनी तिन्ही पट्टे एकाकडे आणण्यासाठी लढतींची मालिका आखली होती. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये स्पर्धेच्या इतकं जवळ जाणारं काही क्वचितच घडतं. टायसनने त्यात नोव्हेंबर १९८६ मध्ये बर्बिकला दोन फेऱ्यांत, मार्च १९८७ मध्ये स्मिथला गुणांवर, मे महिन्यात तोवर कधीही नॉकआउट न झालेल्या थॉमसला सहा फेऱ्यांत आणि ऑगस्टमध्ये टकरला हरवलं. एकविसाव्या वर्षी तिन्ही पट्टे. मग ऑक्टोबरात १९८४ चा ऑलिंपिक विजेता टायरेल बिग्ज, जानेवारीत होम्स, मार्चमध्ये टब्ज, जूनमध्ये स्पिंक्स. वीस महिन्यांत आठ लढती आणि त्यात एकही पोरखेळ नाही. आजचे हेवीवेट विजेते वर्षाला एक-दोनदा लढतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या वेगाचं मोल कळतं. निवडून निवडून सोपी माणसं मारली, हा आरोप या वीस महिन्यांना लावता येत नाही.

अ ने ब ला, ब ने क ला

एक जुनी खोड इथेच सांगून टाकतो. अमक्याने तमक्याला हरवलं, तमक्याने ढमक्याला, म्हणून अमका ढमक्यापेक्षा श्रेष्ठ, हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही. मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. एका वर्षाने जॉर्ज फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत उडवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात किन्शासामध्ये अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. तिघांचं वर्तुळ पूर्ण. नॉर्टनचा वेडावाकडा बचाव अलीच्या जॅबला अडचणीचा होता, आणि फोरमनच्या ताकदीपुढे तो कागदी ठरायचा. कुणाची शैली कुणाला बाधते याला ‘दर्जा’ समजलं की घोटाळा होतो.

पराभवांचं वजन

आतापर्यंत मी टायसनची बाजू घेतल्यासारखं वाटलं असेल. पण तारखांचा नियम दोन्हीकडे लावायचा असतो, आणि इथे त्याचे चाहते गडबडतात. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोमध्ये बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. एका जुगारगृहाने डग्लसच्या विजयाला एकास बेचाळीस असा भाव लावला होता. चाहते सांगतात, तो खरा टायसन नव्हताच. त्याला घडवणारा कस डीॲमाटो १९८५ मध्येच वारला होता, मॅनेजर जिम जेकब्स १९८८ मध्ये गेला, प्रशिक्षक केव्हिन रूनीला टायसनने स्वतः काढून टाकलं, तयारी धड झाली नव्हती. सगळं खरं आहे. पण टायसन त्या दिवशी २३ वर्षांचा होता. २१ महिने घरी बसलेल्या ३८ वर्षांच्या होम्सचं वय मोजायचं नाही आणि तेविशीतल्या, नऊ वेळा विजेतेपद राखलेल्या जगज्जेत्याला मात्र उतरणीला लागलेला म्हणायचं, असं कसं चालेल? शिस्त हीसुद्धा बॉक्सरच्या दर्जाचाच भाग आहे. डोक्स आणि पेजला बेशिस्तीबद्दल दोष द्यायचा आणि टायसनला त्याच कारणासाठी सूट, हे काही बरोबर नाही.

डग्लसबद्दलही एक बोलायला हवं. आठ महिन्यांनी तो हॉलीफिल्डसमोर २४६ पौंडांचा होऊन आला आणि तिसऱ्या फेरीत हरला. म्हणून त्याला योगायोगाने जिंकलेला माणूस समजतात. टोकियोतला डग्लस २३१ पौंडांचा होता, काही आठवड्यांपूर्वी आई गेलेली, आठव्या फेरीच्या शेवटी टायसनच्या अपरकटने खाली पडलेला आणि तरी उठून उभा राहिलेला. त्या एका तारखेचा डग्लस कुठल्याही काळातल्या विजेत्याला जड गेला असता. पुढच्या तारखेचा डग्लस हा दुसराच माणूस होता.

पराभव मोजताना मी पराभव झाला का यापेक्षा त्यानंतर काय केलं ते बघतो. लेनॉक्स लुईस मॅकॉल आणि हसीम रहमान या दोघांकडून नॉकआउट झाला, आणि दोघांनाही पुन्हा गाठून त्याने वेळेआधी हरवलं. जो लुईसला १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने बाराव्या फेरीत पाडलं. दोन वर्षांनी लुईसने त्याला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपवलं. टायसनने एकही पराभव असा फेडला नाही. डग्लसशी पुन्हा गाठ पडली नाही. हॉलीफिल्डशी पडली, तेव्हा १९९७ मध्ये त्याचा कान चावून टायसन बाद झाला.

लढतीच्या आतलंही तेच. मार्सियानो वॉलकॉट आणि मूर या दोघांकडून खाली पडून जिंकला. होम्स अर्नी शेव्हर्सच्या ठोशाने आडवा झाला, उठला आणि जिंकला. अली, जो लुईस, हॉलीफिल्ड, सगळ्यांच्या नावावर अशा रात्री आहेत. खाली पडून, उठून जिंकलेली एकही लढत टायसनच्या नावावर नाही. त्याच्या कारकिर्दीतली खरी उणीव मला ही वाटते. प्रतिस्पर्धी सामान्य होते हा आरोप निम्मा खोटा आहे. पण प्रतिस्पर्ध्याने आपला खेळ उधळून लावल्यावर दुसरा काही खेळ शोधून जिंकणं, हे त्याच्याकडून कधी घडलं नाही. डोनोव्हन रडॉकविरुद्धच्या १९९१ मधल्या दोन लढती त्यातल्या त्यात जवळ जातात. दोन्ही खडतर होत्या आणि दोन्ही त्याने जिंकल्या.

न झालेल्या लढती

जर-तरचा ढीग टायसनइतका कुणाचाच नसेल. हॉलीफिल्डशी लढत १९९० मध्ये ठरत होती, ती डग्लसने उधळली. नोव्हेंबर १९९१ ची तारीख टायसनच्या बरगडीच्या दुखापतीने गेली. मग बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि १९९२ ते मार्च १९९५ तुरुंगात होता. हीच वर्षं रिडिक बो, हॉलीफिल्ड आणि लेनॉक्स लुईस यांच्या उमेदीची. काही जण या खंडाची तुलना अलीच्या १९६७ ते १९७० या बंदीशी करतात. कारणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तो बाजूला ठेवला तरी हिशेब असा की अलीला त्या वर्षांसाठी कुणी गुण देत नाही. अलीला गुण मिळतात ते परत येऊन फ्रेझर आणि फोरमनशी जे केलं त्याचे.

लेनॉक्स लुईसने जून २००२ मध्ये मेम्फिसला टायसनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. हा विजय लुईसच्या यादीत मोठ्या अक्षरांत लिहायचा मोह होतो. तो आवरावा. तो टायसन पस्तिशी पार केलेला आणि बारा वर्षांपूर्वीच शिखर उतरलेला होता. गंमत म्हणजे लुईस त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठाच होता. तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हे इथे पुन्हा दिसतं.

या सगळ्यानंतर टायसनला कुठे ठेवायचं? माझ्या यादीत तो हॉलीफिल्डच्या खाली येतो, आणि यावर लोक भडकतात. हॉलीफिल्डच्या नावावर ४४ विजय आणि चांगले १० पराभव आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक चाळिशीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापुढचे, कधी थांबायचं ते न कळल्यामुळे आलेले. ते मी सोडून देतो. उरतो तो नोव्हेंबर १९९३ मध्ये, वर्षापूर्वी आपल्याला हरवलेल्या तरुण, वजनदार रिडिक बोकडून विजेतेपद परत घेणारा माणूस. तोच पुढे मर्सरला हरवतो, मायकेल मूररकडून झालेला पराभव १९९७ मध्ये फेडतो. आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये, तो संपला अशी बहुतेकांची खात्री असताना, चौतिसाव्या वर्षी टायसनला अकराव्या फेरीत थांबवतो. टायसन त्या रात्री तीस वर्षांचा होता.